गाड्या अडवायच्या तर फाटक घाला, रस्ता खराब ठेवून नव्हे

बेळगावच्या सायकलवाल्यांत सध्या ग्रॅव्हल बाईकचं वारं आहे. रोड बाईकसारखं वाकडं हँडल, डिस्क ब्रेक, पण टायर चांगले ४०-४५ मिलिमीटरचे, म्हणजे डांबर सोडून मुरमात घालता येते. मला ती फार आवडते हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून म्हणाल, हिला सायकलच नकोय. पिरनवाडी सोडली की चोर्ला रोडवर गोव्याला निघालेल्या गाड्या मागून हॉर्न मारत अंगावर येतात. जीव मुठीत धरून कुसमळी, जांबोटी गाठायची आणि मग एखादा लाल मातीचा फाटा दिसला, की आत वळायचा मोह कुणाला होणार नाही?

माझा वाद आहे तो आपल्याच सायकल ग्रुपवर फिरणाऱ्या एका मताशी. 'भीमगडमध्ये झीरो ट्रॅफिक आहे, खानापूरच्या जंगलातले रस्ते असेच कच्चे राहू देत, डांबर आलं की संपलं.' खाली पन्नास जणांचे अंगठे.

अहो, तिथे गाडी का नाही, हे एकदा तरी विचारा की! गवाळी, पास्टोली, कोंगळा, आमगाव, देगाव, कृष्णापूर, मेंढील ही भीमगडच्या जंगलातली गावं काही सहलीसाठी वसलेली नाहीत. माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहतात. भीमगड अभयारण्य जाहीर झालं २०११ च्या डिसेंबरात, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. गावं त्याच्या कितीतरी आधीची. पावसाळ्यात नाल्यांना पाणी चढलं की आमगावसारख्या गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध लाकडाच्या साकवावर टिकून असतो. आजारी माणसाला खाटेवर किंवा स्ट्रेचरवर घालून, खांद्यावरून चिखल तुडवत डांबरापर्यंत आणल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. वाचतो आणि पुढच्या फोटोवर जातो.

तिकडच्या एका आजोबांनी माझी सायकल उचलून पाहिली, टायर दाबून पाहिला आणि म्हणाले, "बरी हाय की हो, हलकी हाय. पण पेशंट बसत न्हाई हिच्यावर." टोमणा नव्हता तो, सरळ तपासणी होती.

पर्यावरणवाले मित्र म्हणतील, रस्ता केला की पाठोपाठ रिसॉर्ट येतं, पार्टी येते, वाळूचा ट्रक येतो. ही भीती खोटी नाही. पण खड्डे आणि चिखल यांना आपण जंगलाचे राखणदार नेमलंय आणि पगार गावकऱ्यांच्या खिशातून कापतोय, हे मला पटत नाही. गाड्या अडवायच्या असतील तर फाटक घाला. बाहेरची मोटार फाटकाबाहेर, गावची गाडी आणि अ‍ॅम्ब्युलन्स आत, सायकलवाला आणि पायी जाणारा नोंद करून आत. कायद्यातही याला वाट आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गावासाठी रस्ता, शाळा, दवाखाना अशा सोयींना वनजमीन देता येते. प्रत्येक कामाला १ हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. अरुंद रस्ता आणि दोन-चार पक्के साकव एवढ्यात बसवता यावेत. हायवे कुणी मागत नाहीये.

माझा भाचा इंग्लंडात शेफील्डला आहे. तो पीक डिस्ट्रिक्टमधून फोटो पाठवत असतो: काळ्या दलदलीच्या मातीचे उघडे माळ, ऑगस्टमध्ये त्यावर जांभळी फुलं आणि खाली डरवेंट खोऱ्यात तलावाकाठचा रस्ता. शनिवार-रविवारी त्या रस्त्याचा वरचा भाग मोटारींना बंद असतो. म्हणजे तिथली शांतता नियमाने आलीय, खड्ड्यांनी नाही. सायकलला तिथल्या घोडेवाटांवर १९६८ च्या कायद्याने परवानगी आहे, पण अट अशी की चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. पायवाटेवर तसा हक्क नाही. हे सगळं ऐकायला छान वाटतं. पण त्याच खोऱ्यात लेडीबावर धरण १९४५ मध्ये सुरू झालं, त्याच्या पाण्याखाली अ‍ॅशॉप्टन आणि डरवेंट अशी दोन गावं गेली. आपल्याकडे भीमगडमधल्या तळेवाडीच्या कुटुंबांना पुनर्वसनाचे पैसे मिळू लागलेत. ज्यांना मनापासून बाहेर पडायचंय त्यांनी जरूर पडावं, चांगल्या मोबदल्यात पडावं. पण मागे राहणाऱ्यांनी रस्ता मागितला की 'ग्रॅव्हल खराब होईल' म्हणणारे आपण कोण?

आता जंगलाच्या बाजूने. इथे मी आपल्या लोकांशी आणखी कडक वागणार आहे.

कणकुंबी, चोर्ल्याच्या बाजूचे सडे, म्हणजे जांभ्याची पठारं, बघून कुणालाही वाटतं, हा तर उघडा माळ, काळा कातळ, इथे सायकल घातली तर काय बिघडणार? बिघडतं. जांभ्याच्या कातळावर माती असते बोटभर, कुठे तेवढीही नाही. जूनमध्ये पाऊस लागला की त्या पातळ थरातून आणि डबक्यांतून सीतेची आसवं, गेंद, कवला, किडे खाणारी दवबिंदू अशी पिटुकली झाडं उठतात आणि दसऱ्यापर्यंत फुलून, बी टाकून संपतात. पुढच्या वर्षीचं सगळं भांडवल त्या बोटभर मातीत पडलेलं असतं. ओल्या सड्यावरून दहा सायकली एकामागोमाग गेल्या की चर पडते, पुढचा पाऊस त्या चरीतून धावतो आणि माती घेऊन जातो. कातळावर नवी माती धरायला किती काळ लागत असेल, विचार करा. उन्हाळ्यात सडा मेल्यासारखा दिसतो तेव्हा तिथे टिटवी आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, ती दगडांत दिसत नाहीत. सुट्या दगडांखाली विंचू, पाली, सरडे असतात, तेव्हा दगडांच्या उतरंडी रचून फोटो काढणाऱ्यांनीही हात आवरावेत. चोर्ला भागातून २००७ मध्ये देवगांडुळाची एक नवी जात नोंदली गेली, नाव म्हादई नदीवरून ठेवलेलं. बिनपायांचा, मातीत राहणारा, बेडकाच्या गोतावळ्यातला प्राणी तो. आपल्या पायाखाली काय आहे हे आपल्याला इतक्या उशिरा कळतंय.

तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांचंही तेच. रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ १९१२ मध्ये तिथे सापडलं आणि कित्येक दशकं जगात ते फक्त तिथेच आहे असं मानलं जात होतं. पुढे मेघालयात आणि कंबोडियात मिळालं. म्हणून बारापेडे काही 'राईडमधला एक्स्ट्रा पॉइंट' होत नाही. गुहांकडे जायचंच नाही. कासला फुलांच्या हंगामात दिवसाला ३००० माणसांची मर्यादा घालायची वेळ आली, ती पाळी आपल्या सड्यांवर यायची वाट कशाला बघायची?

तेव्हा माझं म्हणणं: सायकल असलेल्या रस्त्यावरच, सड्यावर चालत, तेही मळलेल्या पायवाटेने. जून ते ऑक्टोबर जंगलातल्या वाटांना हात लावायचा नाही. जंगलात जाताना गावातला माणूस सोबत, त्याला ठरलेली मजुरी, जेवण गावातच आणि तेही पैसे देऊन. (भाकरी आणि काजूची उसळ खाऊन 'काकू, काय द्यायचं?' असं अर्धवट विचारून निघायचं नाही, काकू 'राहू दे' म्हणणारच.) वन्यजीव कायद्याप्रमाणे सार्वजनिक रस्त्याने जाणाऱ्याला अडवत नाहीत, पण तो सोडून अभयारण्यात आत शिरायचं तर वनखात्याची परवानगी लागते. गुगल मॅपवर रेघ दिसते ही परवानगी नव्हे.

आणि घंटी. ग्रॅव्हल बाईकला घंटी लावणं म्हणजे आपल्याकडे कमीपणा समजतात. खानापूरच्या जंगलात अस्वलं आहेत, आणि अस्वलाचे हल्ले इथल्या माणसांना नवे नाहीत. मोटारीचा आवाज लांबून येतो, जनावर बाजूला होतं. सायकल उतारावरून आवाज न करता वळणावर येते आणि दोघंही दचकतात. त्यात अस्वलाचं दचकणं आपल्याला परवडत नाही. गव्याचंही तसंच, एकटा नर रस्त्यात उभा असेल तर थांबायचं, मागे सरायचं, तो जाईपर्यंत चहा प्यायचा. सकाळी ऊन वर आल्यावर शिरायचं आणि दुपार कलायच्या आत डांबरावर परत. हेडलाईट लावून नाईट राईड काढायची हौस असेल तर बेळगावच्या कॅम्पात काढा.

या हिवाळ्यात काही जण जायचं म्हणताय, तर मी आहे. पण त्याआधी ग्रामपंचायतीत एक अर्ज देऊ या: बाहेरच्या मोटारींना फाटक, गावाला साकव आणि अ‍ॅम्ब्युलन्स जाईल इतका रस्ता, सायकलवाल्यांकडून शुल्क, ते गावाच्या खात्यात. कन्नड आणि मराठी दोन्हीत लिहू, म्हणजे कागद भाषेवरून परत यायला नको. मसुदा मी करते. सह्या करायला किती जण येताय ते कमेंटमध्ये सांगा, आणि टायरमध्ये हवा पस्तीस पीएसआयच्या वर भरू नका, जांभ्यावर हात भरून येतात.