एक्स-रेची वाट बघू नका
छातीला मार लागला की आधी एक्स-रे, हे लेखातलं वाक्य सरसकट पटलं नाही. टेन्शन न्यूमोथोरॅक्समध्ये, म्हणजे फुप्फुसाभोवती हवा कोंडून दाब वाढत जातो तेव्हा, तेवढा वेळच नसतो. पेशंट श्वासासाठी धडपडतोय, बीपी घसरतंय, एका बाजूला स्टेथोस्कोपमध्ये आवाज नाही, बोटाने ठोकलं तर ढोलासारखं वाजतंय. मग फिल्म कशाला? सुई घालून हवा सोडायची, नंतर नळी. मानेच्या शिरा फुगलेल्या दिसतीलच असं नाही, रक्तस्राव असेल तर त्या सपाटही असतात. आणि सुईची जागा! आम्ही शिकलो ती पुढून, बरगड्यांमधली दुसरी फट. २०१८ च्या एटीएलएसने (जखमींवरच्या तातडीच्या उपचारांचा डॉक्टरांसाठीचा अभ्यासक्रम) प्रौढांसाठी ती काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे, चौथ्या-पाचव्या फटीत नेली. पुढून छातीची भिंत जाड असली की सुई आत पोचतच नाही.