बफिंग करायला कोणी सांगितलं होतं बे?

रायफलीची अ‍ॅक्शन, म्हणजे आतली चालती यंत्रणा, मोकळी करून दे म्हटलं होतं. मोकळी. चमकवून दे नाही म्हटलं! आजोबांची मार्लिन ३९ए, लिव्हरवाली पॉइंट टू-टू रायफल, आज दुरुस्तीवाल्याकडून आणली तर बोल्टमध्ये, म्हणजे काडतूस नळीत ढकलणाऱ्या लोखंडी तुकड्यात, माझं तोंड दिसून राहिलं. अरे, लिव्हर जड का लागते, तर बोल्ट मागे येताना पोटाखालून घोड्याला (हॅमरला) दाबतो, घासतं तिथंच. ती घासलेली रेघ मी स्वतः मार्करनं दाखवली होती की बाबू, आधी आतलं वाळलेलं जुनं तेल धू, मग फक्त एवढंच, झिरो नंबरचा पॉलिश पेपर सपाट गुटक्याला लावून, हळूहळू. यानं सरळ बफिंग व्हील लावलं. पूर्ण बोल्टला. कडा सगळ्या गोल. मग जोश आला असेल, रिसिव्हरवरही, म्हणजे बाहेरच्या लोखंडी खोक्यावरही, फिरवलं, उजवीकडे तो मोठा स्क्रू असतो ना, नाण्यानं उघडला की रायफल दोन भागात सुटते, त्याच्या आजूबाजूचं ब्लूइंग, तो काळानिळा थर, गायब, पांढरं लोखंड उघडं.

आणि घोड्याच्या खाचेला, जिथं तो ट्रिगरला अडकून राहते, हात लावू नको म्हणून शपथ घातली होती, तिथं कानस! आता लिव्हर जरा जोरात बंद केली की घोडा आपोआप पडते. अशी वस्तू रेंजवर न्यायची कशी? वर हा माझ्यासमोर रिकामाच घोडा पाडून पाडून दाखवते, "पहा साहेब, कशी स्मूथ वाजते". रिमफायर आहे बे, पिन काडतुसाच्या काठावर मारते, रिकामी पाडली की तीच पिन चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या जागेच्या, काठावर आदळते, काठ दबतो, एवढंही माहीत नाही आणि दुकान टाकून बसला.

नवीन घोडा आणू कुठून? सामान्य माणसासाठी आयात ऐंशीच्या दशकातच बंद झाली. तिकडे मार्लिन कंपनी २०२० मध्ये रुगर कंपनीनं घेतली, इकडे मला एक स्प्रिंग मिळत नाही. टेक्सासचा मावसभाऊ व्हिडिओ कॉलवर शहाणपण शिकवते, "दादा, हेन्री घे, नाहीतर ब्राउनिंग बीएल-२२, तिची लिव्हर ३३ अंशातच फिरते." घे म्हणे! जसं बर्डीच्या बाजारात चप्पल घ्यायला निघालो. आपल्याकडे निवड म्हणजे आजोबा जे ठेवून गेले ते. त्यातही २०१९ ला सरकारनं माणसामागे तीन बंदुकांच्या दोन केल्या, माझी बारा बोर तेव्हाच गेली. परवान्याच्या टेबलाबद्दल तर बोलूच नका, ऐन नवतप्याच्या उन्हात उभं करून झेरॉक्स मागतात, तीच झेरॉक्स जी मागच्या वेळी दिली होती. आणि तो "एअरगन घेऊन टाक ना" म्हणणारा प्रत्येक माणूस माझ्या डोक्यात जाते.

बरं, खरं सांगू, एवढी स्मूथ करून मी कोणता वाघ मारणार होतो? काडतुसं महाग, तीही मोजून, म्हणून वर्षभर माझी नेमबाजी म्हणजे डमी (खोटी काडतुसं) भरायच्या आणि टीव्हीसमोर बसून लिव्हर खटखट करायची. बायको म्हणते, "कूलरचा आवाज परवडला, तुमची खटखट नको." पोरगं तर मित्रांना सांगते की बाबांचा व्यायाम चालू आहे. असू दे. पण ती खटखट माझी होती ना, त्या जडपणासकट! आता तीही करायची भीती वाटून राहिली.

आणि बिलात "पॉलिश" वेगळं लावलं आहे. पक्की पावती मागितली तर म्हणे, साहेब, मग जीएसटी लागेल.