अंगी लागत नाही

"ताई, पोरगी खाते सगळं, पण अंगी लागत नाही." गोवंडीच्या अंगणवाडीत गेली एकोणीस वर्षं हे ऐकतेय. कधी जंत, कधी नजर, कधी दाढा येतायत, कधी "हिचा बापही लहानपणी असाच काडी होता." आणि बऱ्याचदा जंतच निघतात, म्हणून तर फसगत होते.

मागच्या वर्षीची एक साडेतीन वर्षांची पोर. नाव सांगत नाही, छकुली म्हणू. चार महिने ओळीने वजन ११.२, ११.१, ११.२, ११.२. तक्त्यावर पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे वयाच्या मानाने वजन कमी, आणि रेघ आडवी पडलेली. या वयात चार महिन्यांत अर्धा किलो तरी वाढायला हवा. खोकला होता, पण जेमतेम. आमच्याकडे कचऱ्याच्या डम्पिंगचा धूर असतोच, न खोकणारं पोर मला शोधून दाखवा. संध्याकाळी अंग कोमट. गल्लीतल्या डॉक्टरांनी औषधाच्या तीन बाटल्या बदलून झाल्या होत्या.

आईला विचारलं, घरात कुणाला टीबी? "नाही ताई. आणि हिला लस दिलीय ना," म्हणत तिने पोरीच्या डाव्या दंडावरचा बीसीजीचा व्रण दाखवला. ती लस मेंदूच्या टीबीसारख्या भयंकर प्रकारांपासून लहान मुलांना बरंच वाचवते, फुप्फुसाच्या टीबीची मात्र हमी देत नाही. पुढच्या महिन्यात परत विचारलं. परत नाही. तिसऱ्यांदा, पोरीला काट्यावरून उतरवताना खाली बघत म्हणाली, "आत्याचं औषध चालूय. पण कुठे बोलू नका, तिचं जमतंय."

तिचं जमतंय! म्हणून गोळ्या पिठाच्या डब्यामागे, आणि डॉक्टरकडे पत्ता दिलेला गावचा. टीबीच्या रुग्णाची नोंद करणं खासगी डॉक्टरांनाही २०१२ पासून बंधनकारक आहे. ती झालीही असेल, पण आरोग्यसेविका गोवंडीतल्या खोलीपर्यंत पोचणार कशी? दहा बाय बाराची खोली, आत्या आणि भाची एकाच गोधडीत. मला त्या घराचा राग नाही आला. एक पोरगी खपवायची असताना दारावर टीबीवाल्यांची ये-जा कोण ओढवून घेईल?

पुढची तऱ्हा ऐका. मोठ्या माणसाला डबी देतात, सकाळचा बेडका आणा म्हणतात. साडेतीन वर्षांचं पोर बेडका थुंकत नाही, गिळतं. शिवाय मुलांच्या बेडक्यात जंतू मुळातच थोडे. मग तो पोटातून काढायचा, म्हणजे रात्रभर उपाशी ठेवून पहाटे नाकातून नळी. दोन पहाटा दवाखान्यात हे झालं. आईचे दोन खाडे, दोन दिवसांची मजुरी गेली, आणि पोरगी तेव्हापासून पांढरा कोट दिसला की माझ्या पदरात शिरते. रिपोर्ट निगेटिव्ह. तिथे सांगितलं, काही नाही, टॉनिक द्या.

लहान मुलाचा रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे टीबी नाही, असं होत नाही! हे मला कळतं, तर त्यांना कळू नये? दुसरीकडच्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो बघितला, टीबीच्या चाचणीसाठी हातावर टोचलेल्या सुईची गाठ मोजली, आत्याचं विचारलं, आणि माझा वजनाचा तक्ता मागून घेतला. कुणीतरी तो तक्ता मागितला, हेच मला नवीन होतं. त्याच दिवशी गोळ्या सुरू. पाण्यात विरघळणाऱ्या, गोडसर, सहा महिने. दीड वर्षाच्या धाकट्याला आजार नाही हे तपासून त्यालाही प्रतिबंधाची गोळी लावली.

जगात टीबीने दगावणाऱ्या मुलांपैकी ९६ टक्क्यांहून जास्त मुलांना उपचार मिळालेलेच नसतात, असा २०१७ सालचा एक अंदाज आहे. औषध आहे, फुकट आहे. पोर सापडत नाही, ही खरी अडचण. नळीला पर्यायही आहे. गिळलेला बेडका शेवटी कुठे जातो? जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या सूचनांत मुलांच्या शीवरही टीबीची जलद तपासणी करायला सांगितलंय. शी आणायला कुणाला खाडा पडत नाही. पण आमच्या वस्तीत तो नमुना मागताना मी अजून कुणाला पाहिलं नाही.

आणि माझा खरा हट्ट वजनकाट्याचा आहे. टीबीवाली बाई दारात आली की अख्खी गल्ली बघते. अंगणवाडीत दर महिन्याला सगळ्यांचीच पोरं काट्यावर चढतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. दोन महिने रेघ हलली नाही की पोषण आहाराचं पाकीट वाढवून मोकळं होऊ नका. घरात कोण खोकतंय हे विचारा, तेही काट्याजवळ, हळू आवाजात, एकदा नाही तीनदा. आणि मोठ्या माणसाचं औषध सुरू करताना "घरात पाच वर्षांखालचं कोण?" हा प्रश्न औषधाच्या चिठ्ठीआधी यायला हवा. पत्ता गावचा असला तरी माणूस समोरच बसलेलं असतं ना!

आमच्या मैत्रिणी म्हणतील, हिला काय जातं बोलायला, आधीच मोबाइलवर भरायचं किती आणि मानधन किती. खरंय, मीही रोज कुरकुरते. पण वजन तर आपण करतोच. ते आकडे आपल्या मोबाइलमधून टीबीच्या खात्यापर्यंत जातात की नाही, हे मला एकोणीस वर्षांत कुणी सांगितलेलं नाही.

छकुली आता १३.४. आत्याचं लग्न झालं, सासरी सांगून झालं. तिनेच सांगितलं, घरच्यांनी नाही.

या सोमवारी आणखी एकाची रेघ दोन महिने आडवी दिसली. आई म्हणाली, घरात कुणी नाही, आजोबांना दमा आहे. आरोग्यसेविकेला व्हॉट्सअॅपवर कळवलंय. "दुपारी येते, बाळाचं वजन बघायला आले म्हणून सांगते," असं तिचं उत्तर आलंय.