हौद्यातला माणूस आणि गाडीचे वजन

सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा जवळ आली, की आमच्या निपाणी-खानापूरकडच्या मंडळींत तोच वाद पेटतो: पोलीस मालवाहू पिकअप अडवून भाविकांना खाली उतरवतात, हा मराठी माणसावर अन्याय आहे. यंदा एका नातेवाइकांनी त्यात भर घातली, की अमेरिकेत सगळे ट्रकमधूनच फिरतात आणि गाडी जड असली की आतल्यांना काही होत नाही.

मी राहतो त्या अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये घरोघरी पिकअप उभी असते, हे खरे. पण माणसे केबिनमध्ये पट्टा बांधून बसतात, आणि या हलक्या ट्रकांना पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग १९९९च्या मॉडेलपासून सक्तीच्या आहेत. वजनाचा फायदा मिळतो तो हलक्या गाडीशी टक्कर झाली तर. पुलाच्या कठड्यावर आदळताना त्याचा फारसा उपयोग नाही, आणि उंच गाडी उलटण्याची भीती वेगळीच. अपघाताची तीव्रता ठरते ती गाडीचा वेग क्षणात किती बदलला यावरून. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या गाडीत ४०च्या सव्वादोनपट ऊर्जा असते. गाडी थांबते, पण हौद्यातला माणूस त्याच वेगाने पुढे जाऊन केबिनच्या पत्र्यावर आपटतो, किंवा फाळक्यावरून रस्त्यावर फेकला जातो. पुढून सपाट असलेल्या छोट्या टेम्पोत तर चालकाचे गुडघेसुद्धा पत्र्याला लागून असतात. ऑक्टोबर २०२३मध्ये सुरू झालेली भारत एनकॅपची, म्हणजे धडक देऊन गाडीची सुरक्षितता तपासणारी, चाचणीही प्रवासी गाड्यांपुरतीच आहे. मालवाहू पिकअप तिच्या बाहेर आहेत.

लहानपणी मीही यात्रेहून परतताना, भंडारा लावलेल्या बायकांच्या मांडीला टेकून, 'उदं गं आई उदं'च्या गजरात, ताडपत्रीखाली बसून तवंदीचा घाट उतरलो आहे. त्या गर्दीत मी कोणाचा, हे कोणाला विचारावे लागत नव्हते. इथे इंटरस्टेट महामार्गावर एकट्याने गाडी चालवताना ती जवळीक आजही हवीशी वाटते, आणि 'तू आता बाहेरचा, तुला काय कळणार' हे उत्तर म्हणूनच इतके लागते. तरीही मी बोलणार, कारण त्या हौद्यात आजही माझीच माणसे बसतात.

जून २०२३पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकातील महिलांना साध्या बसचा प्रवास मोफत आहे, आणि यात्रेला जाणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी असते. मग पिकअप सोडवण्यासाठी पोलिसांशी हुज्जत घालण्यापेक्षा, पौर्णिमेला गावागावांतून जादा गाड्या सोडाव्यात म्हणून निपाणी आणि खानापूरच्या आगारांसमोर बसावे. पाटी कानडीत आहे की मराठीत, हा वाद त्या बसमध्ये बसूनही घालता येईल.