आधी बंदी, मग पेटंटची तपासणी? जर्मनी-अमेरिका लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि मनापासून लिहिलीय, म्हणून उत्तरही सविस्तर देतोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की जर्मनी आणि अमेरिकेतल्या पेटंटच्या केसेसवर मी जे लिहिलं त्यात जर्मनीची बाजू फारच उचलून धरली, तिथलं कोर्ट पेटंट मुळात टिकणारं आहे की नाही हे न बघता थेट विक्रीवर बंदी घालतं, म्हणजे आधी कळस मग पाया, आणि अमेरिकेत निदान एकाच छपराखाली, म्हणजे एकाच कोर्टात, पेटंट टिकतं का आणि त्याचं उल्लंघन झालं का या दोन्हीचा निकाल लागतो म्हणून ती पद्धत जास्त न्यायाची. शिवाय ज्युरीबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

ज्युरीचं पूर्ण मान्य, ते राहायला नको होतं, खाली लिहितोच. आणि एक चूक तुमच्या नजरेतून सुटलीय ती मीच सांगतो. जर्मनीतलं उल्लंघनाचं कोर्ट, म्हणजे दुसऱ्याचं पेटंट परवानगीशिवाय वापरलं का हे ठरवणारं कोर्ट, वैधतेकडे, म्हणजे पेटंट मुळात टिकतं का याकडे, ढुंकूनही बघत नाही असं मी लिहिलं होतं, ते बरोबर नाही. तिथे 'हे पेटंटच खोटं आहे' असा बचाव त्या कोर्टात चालत नाही हे खरं, त्यासाठी प्रतिवादीने म्युनिकच्या फेडरल पेटंट कोर्टात वेगळा दावा लावायचा असतो. पण तो दावा लावला असेल आणि पेटंट रद्द व्हायची दाट शक्यता दिसत असेल, तर उल्लंघनाचं कोर्ट स्वतःची केस थांबवून ठेवू शकतं. म्हणजे नजर टाकली जाते, फक्त निकाल दिला जात नाही.

आता तुमच्या मूळ मुद्द्यावर. जर्मनीत ड्युसेलडॉर्फ, मानहाइम, म्युनिक इथल्या कोर्टात उल्लंघनाचा निकाल साधारण वर्षभरात, फार तर सव्वा-दीड वर्षात येतो आणि वैधतेच्या निकालाला त्याच्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, त्यामुळे मधल्या काळात उद्या रद्द होऊ शकेल अशा पेटंटवर आज माल दुकानातून उचलावा लागतो. ही फट खरी आहे आणि ती मी लपवत नाही. तिथल्या संसदेलाही ती टोचत होती म्हणूनच २०२१ मध्ये कायदा बदलला, वैधतेच्या दाव्यात सहा महिन्यांच्या आत पेटंट कोर्टाने आपलं प्राथमिक मत दोन्ही पक्षांना कळवावं अशी तरतूद आली, म्हणजे उल्लंघनाच्या कोर्टाला निदान काहीतरी हातात मिळतं.

पण बंदी फुकट मिळत नाही, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. डिसेंबर २०१८ मध्ये म्युनिकच्या कोर्टाने क्वालकॉम या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या बाजूने ॲपलविरुद्ध निकाल दिला, पण तो लगेच अंमलात आणायचा तर आधी तारण ठेवा म्हणाले, आणि क्वालकॉमने जानेवारी २०१९ मध्ये १३४ कोटी युरोंचं तारण ठेवलं तेव्हा कुठे आयफोन ७ आणि ८ ॲपलच्या जर्मनीतल्या स्टोअर्समधून हलले. असा निकाल पुढे अपिलात फिरला तर बंदी लावून घेणाऱ्यानेच समोरच्याचं नुकसान भरून द्यायचं, त्याची काही चूक होती की नव्हती हा प्रश्नच येत नाही. क्वालकॉमसारख्याला एवढी रक्कम उभी करता येते, छोट्या संशोधकाला तारणाची रक्कम कमी असली तरी ती जीवावरच येते, हा माझा जर्मनीवरचा आक्षेप आहे आणि तो तुमच्या आक्षेपापेक्षा मला मोठा वाटतो.

अमेरिकेतलं एक छप्पर मात्र तुम्ही समजता तसं राहिलेलं नाही. २०११ च्या कायद्याने पेटंट ऑफिसमध्येच एक बोर्ड तयार झालं, सप्टेंबर २०१२ पासून तिथे जाऊन दिलेलं पेटंट रद्द करून मागता येतं, आणि गंमत नाही, गंभीर गोष्ट आहे, की दोन्हीकडे पुराव्याची पट्टी वेगळी आहे. कोर्टात पेटंट अवैध ठरवायला 'स्पष्ट आणि खात्रीलायक' पुरावा लागतो, बोर्डात पारडं जरा जड झालं तरी पुरतं. एकच पेटंट, एकच देश, दोन पट्ट्या. व्हीएलएसआय ही पेटंट बाळगणारी कंपनी विरुद्ध चिप बनवणारी इंटेल, ही केस बघा. मार्च २०२१ मध्ये टेक्सासमधल्या वेको इथल्या ज्युरीने इंटेलला दोन पेटंटांसाठी मिळून सुमारे २१८ कोटी डॉलर व्हीएलएसआयला द्यायला सांगितले. इंटेलने बोर्डाकडे आधीच अर्ज केला होता, पण कोर्टातली तारीख जवळ आलीय म्हणून बोर्डाने तो ऐकायलाच घेतला नाही. निकालानंतर दुसऱ्याच कुणीतरी अर्ज केले, ते घेतले गेले, आणि २०२३ च्या मे-जूनमध्ये ती दोन्ही पेटंटं बोर्डाने अवैध ठरवली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपील कोर्टाने भरपाईची ती रक्कमही उडवून लावली. आधी कळस मग पाया तुम्ही जर्मनीला म्हणालात, मग याला काय म्हणायचं सांगा.

ज्युरीबद्दल. २०१२ मध्ये सॅन होजेला ॲपल विरुद्ध सॅमसंग खटल्यात नऊ सामान्य माणसं बसली होती आणि त्यांच्यापुढे वीस पानी फॉर्म होता, त्यात शेकडो रकाने, कुठला फोन कुठल्या पेटंटचं उल्लंघन करतो, किती पैसे. निकाल वाचला गेला आणि वकिलांच्या लक्षात आलं की एका टॅबलेटने उल्लंघन केलंच नाही असं म्हणून त्याच टॅबलेटपायी २,१९,६९४ डॉलर भरपाई लिहिलीय, आणखी एका फोनचंही तसंच, मग ज्युरीला परत आत पाठवून आकडा दुरुस्त करावा लागला. ती माणसं प्रामाणिक होती याबद्दल मला शंका नाही, पण जर्मनीच्या पेटंट कोर्टात वैधता बघायला पाच न्यायाधीश बसतात आणि त्यातले तीन इंजिनियरिंग किंवा विज्ञान शिकलेले असतात, हा फरक मला साधा वाटत नाही.

आणि त्याच केसमध्ये खरा मुद्दा आहे, जो मूळ लेखात मी नीट मांडायला हवा होता. ॲपल जिंकलं, १०० कोटी डॉलरच्या वरचा निकाल लागला, तरी डिसेंबर २०१२ मध्ये त्याच कोर्टाने सॅमसंगच्या फोनवर बंदी घालायला नकार दिला. कारण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा २००६ चा ईबे कंपनीच्या केसमधला निकाल. त्याच्या आधी अमेरिकेतही जिंकला की बंदी जवळजवळ ठरलेली असायची, पोलरॉइडशी हरल्यावर कोडॅकला जानेवारी १९८६ मध्ये इन्स्टंट कॅमेऱ्याचा धंदाच बंद करावा लागला आणि लोकांच्या घरातले कॅमेरे फिल्म नाही म्हणून पडून राहिले. २००६ नंतर मात्र पैशाने भरून निघणार नाही असं नुकसान दाखवा, दोघांपैकी कुणाला जास्त झळ बसेल ते सांगा, लोकहित बघा, हे सगळं सिद्ध करावं लागतं. जर्मनीने २०२१ मध्ये बंदी प्रमाणाबाहेर जाचक होत असेल तर ती नाकारता येईल असं कायद्यात लिहिलं खरं, पण तिथे अजूनही बंदी हाच नेम आहे आणि नकार हा अपवाद. म्हणून छपरं किती यापेक्षा जिंकणाऱ्याच्या हातात काय पडतं, बंदी की पैसे, यावर मी भर देतो. समोरचा तडजोडीला कधी आणि किती रकमेला बसतो ते त्यावरच ठरतं.

खर्चाचं तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे, त्यावर वाद नाही, अमेरिकेत कागदपत्रं मागवण्याच्या प्रक्रियेतच माणूस थकतो आणि जिंकला तरी वकिलाची फी सहसा आपलीच.

शेवटचं एक. तुम्हाला जे एक छप्पर हवंय ते आता जर्मनीतही मिळू शकतं. १ जून २०२३ पासून युरोपचं एकीकृत पेटंट कोर्ट सुरू झालंय, म्युनिक, ड्युसेलडॉर्फ, मानहाइम आणि हॅम्बर्गला त्याचे विभाग आहेत, आणि उल्लंघनाची केस चालू असताना पेटंट रद्द करायची मागणी आली तर दोन्ही तिथेच एकत्र ऐकता येतात. जर्मनीचं स्वतःचं राष्ट्रीय पेटंट असेल तर मात्र अजून जुनाच रस्ता. मूळ लेखातलं ते चुकीचं वाक्य आज बदलतोय आणि ज्युरीचा भाग जोडतोय, वाचून परत भांडा.