तुपाचा वाद आणि आजीची बेरी

ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दूध-तुपाच्या वेष्टनांवरचे ‘ए१’, ‘ए२’ हे दावे काढायला सांगितले आणि आठवड्याच्या आत तो आदेश मागेही घेतला. ‘ए२’ म्हणून विकलं जाणारं देशी गाईचं महागडं तूप घ्यावं की नाही, यावर तिकडे अजून वाद चालतो. ब्रिटनमध्ये राहून मला तो भलत्याच गोष्टीवरचा वाटतो. ए१-ए२ हा बीटा-केसीन या प्रथिनातला फरक. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. प्रथिन ताकात जातं, उरलंसुरलं बेरीत. तुपाचा वास आणि टिकाऊपणा ठरतो तो आजीच्या रोजच्या कामात.

तापलेलं दूध न हलवता निवू द्यायचं, तरच जाड साय धरते. पहिल्या सायीला चमचाभर दही लावायचं आणि रोजची साय त्यात घालून ढवळायची. हे ढवळणं चुकलं, की वरच्या थराला विरजण लागत नाही, तो कडवट होतो, आणि मग तूप कितीही कढवा, कुबट वास जात नाही.

इथल्या बहुतेक दुधावर नुसता पातळ पापुद्रा येतो. होमोजिनायझेशनमध्ये स्निग्धाचे कण इतके बारीक होतात की ते वर येतच नाहीत. म्हणून सरळ डबल क्रीम घ्यावी. तिच्यात ४८ टक्के स्निग्धांश असतो. ६०० मिलीचं पाव किलोच्या आसपास तूप होतं. दोन चमचे दही कालवून रात्रभर उबेला ठेवायचं. १८ अंशांच्या स्वयंपाकघरात विरजण लागत नाही. बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावला तरी पुरतं. सकाळी तासभर फ्रिजमध्ये गार करून बर्फाचं पाणी घालत घुसळावं. मिश्रण कोमट राहिलं तर लोण्याचा गोळा जमत नाही, ते तेलकट होऊन ताकातच फिरत राहतं. आजी उन्हाळ्यात पहाटे ताक करायची, ते याचसाठी.

लोणी पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं. ताक राहिलं तर बेरी जास्त पडते, बुडाशी लागते. कढवताना कान द्यावा: आधी फेस, मग पाणी उडत असल्याची तडतड, मग ती मंदावते. आवाज थांबत आला आणि बेरी बदामी दिसली की गॅस लगेच बंद. जाड बुडाचं पातेलं त्यानंतरही तापलेलंच असतं, बेरी आणखी एक छटा गडद होते. गाळून झालं की बरणी टॉवेलात गुंडाळून ठेवावी. थंडीत तूप भरभर गोठतं आणि रवाळ न होता गुळगुळीत बसतं.

गाळणीतली बेरी टाकू नये. गरम असतानाच साखर घालून पोरांच्या हातावर द्यावी, नाहीतर कणकेत मळावी. पोळ्या मऊ होतात.