घड्याळ बारावर येतंय म्हणालात, तिथंच आम्ही चुकलो

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकानाचं शटर ओढताना वाचला. एक स्टार. घरी जाऊन पुन्हा वाचला, सकाळी बिलबुक काढलं आणि तुमच्या गाडीत स्टिरिओचा सेट बसवणाऱ्या पोराला समोर बसवून सगळं विचारलं. त्यामुळे उत्तराला थोडा उशीर झाला.

बाकीच्यांना कळावं म्हणून तक्रार थोडक्यात सांगतो. यांनी आमच्याकडून ब्लूटूथवाला स्टिरिओ बसवून घेतला. गाडी बंद करून चालू केली की फोन रोज नव्यानं जोडावा लागतो. कॉल गाडीच्या स्पीकरवर येतो, पण गाणी मोबाईलमधूनच वाजतात. समोरच्याला यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा ऐकू जातो. इचलकरंजीहून कोल्हापूरला तीन चकरा झाल्या, तिसऱ्या वेळी आमच्या माणसानं "फोनचा प्रॉब्लेम आहे, फोन बदला" असं सांगितलं आणि वर २०० रुपये घेतले.

आधी पहिली तक्रार, कारण ती सर्वस्वी आमची आहे. तुम्ही रिव्ह्यूत जाता जाता एक ओळ लिहिलीय, "घड्याळ पण दर वेळी बारावर येतं." साहेब, दुखण्याचं निदान त्याच ओळीत होतं. स्टिरिओच्या मागे करंटच्या दोन वायरी असतात. पिवळी थेट बॅटरीची, तिच्यात गाडी बंद असतानाही करंट राहतो. लाल किल्लीवर चालते. सेटची आठवण पिवळीच्या जोरावर टिकते. काही गाड्यांच्या कंपनी कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगमध्ये, या दोघींच्या जागा उलट असतात. म्हणूनच सेटसोबतच्या वायरिंगमध्ये नेमक्या याच दोन वायरींना मध्ये जॉइंट दिलेला असतो, सोडवून अदलाबदल करता यावी म्हणून. आमच्या पोरानं कपलर जसाच्या तसा ठोकला. किल्ली फिरवली की सेट चालू, काढली की बंद. दुकानात सगळं बरोबर दिसलं. पण किल्ली काढली की सेटचा पूर्ण करंट जायचा आणि घड्याळ, रेडिओची स्टेशनं, जोडलेले फोन, सगळं पुसलं जायचं. जॉइंट तपासलाच नव्हता, हे त्यानं कबूल केलं. दहा मिनिटांचं काम होतं आणि तुम्हाला तीन फेऱ्या पडल्या.

तुम्हाला रोज फोनमधून नाव काढून पुन्हा जोडावं का लागायचं, तेही यातच आहे. पहिल्यांदा जोडताना फोन आणि सेट आपापसात एक चावी ठरवतात आणि दोघंही ती जपून ठेवतात. सेट विसरला तरी फोन विसरत नाही. तो जुनीच चावी लावत बसतो आणि कुलूप तर बदललेलं. तेव्हा वायरी नीट केल्यावरही एकदा फोनमधलं जुनं नाव काढून नव्यानं जोडावं लागेल. तेवढं शेवटचं.

आता गाण्यांचं. इथं चूक आमची नाही, आणि तुमच्या फोनमध्येही काही बिघाड नाही. तुम्ही स्क्रीनचा जो फोटो टाकलाय त्यातच उत्तर आहे. ब्लूटूथमध्ये कॉल आणि गाणी ही दोन वेगळी खाती आहेत, एकाला एचएफपी म्हणतात, दुसऱ्याला ए-टू-डी-पी. अँड्रॉइडमध्ये सेटच्या नावापुढच्या चाकाच्या चिन्हावर बोट ठेवलं की दोन्हींची वेगळी बटणं दिसतात. तुमच्या फोटोत कॉलचं चालू आहे, "मीडिया ऑडिओ" बंद. ते चालू करा, गाणी गाडीत येतील. खालचं कॉन्टॅक्टचंही चालू करा, म्हणजे कॉल आल्यावर नुसता नंबर न दिसता नाव दिसेल. हे आमच्या माणसानं काउंटरवर उभ्या उभ्या दाखवायला हवं होतं. "फोन बदला" हे उत्तर नाही, ती कटकट टाळण्याची रीत आहे. मी त्या दिवशी लग्नाला गेलो होतो, पण दुकान माझं, म्हणजे बोलणंही माझंच.

विहिरीतला आवाज. तुमच्या सेटचा स्वतःचा माइक म्हणजे पुढच्या पट्टीवरचं टाचणीएवढं भोक. ते गिअरच्या वर, एसीच्या झोतासमोर, तुमच्या तोंडापासून हातभर लांब. खोक्यात एक लांब काळी वायर आणि टोकाला छोटा माइक येतो. तो काचेच्या कडेच्या खांबातून वर नेऊन सनव्हायझरजवळ लावायचा असतो. त्याला अर्धा तास लागतो आणि शनिवारच्या गर्दीत पोरं तो खोक्यातच ठेवून देतात. तुमचाही खोक्यातच आहे, बघा. मात्र एक आधीच सांगतो. माइक वर लावला तरी कॉलचा आवाज गाण्याइतका स्वच्छ येणार नाही. कॉलच्या खात्यातून आवाज अरुंद होऊनच जातो, महागड्या सेटमध्येही. काचा खाली आणि एसी चारवर ठेवून हायवेला बोललात तर समोरचा "काय?" म्हणणारच.

एक गोष्ट मात्र मान्य नाही. "डुप्लिकेट माल" असं लिहिलंय. खोकं तुमच्यासमोर सील तोडून उघडलं होतं आणि सेटच्या मागचा नंबर बिलावर लिहिलेला आहे. ताडून बघा. नंबर जुळला नाही तर पूर्ण पैसे परत. कामात आम्ही आळस केला, मालात खोट नाही.

वहिनींच्या फोनबद्दल लिहिलंय, की गाडी दारात चालू ठेवून दोघांचे फोन जोडले की सेट त्यांचाच फोन पकडतो आणि त्यांच्या बहिणीचं बोलणं तुम्हाला ऐकावं लागतं. हे हसून वाचलं, माफ करा. ब्लूटूथ साधारण दहा मीटरपर्यंत पोचतं, फोन स्वयंपाकघरात असला तरी सेटला तो गाडीतलाच वाटतो. तुम्ही दोघांचेही फोन जोडलेत, जो आधी सापडेल तो सेट उचलतो. आमच्याकडे एका गिऱ्हाइकाच्या गाडीत याच कारणानं सासूबाईंचं जावयाबद्दलचं मत जावयाला ऐकू गेलं होतं. सेटच्या मेनूत कुठल्या फोनला पहिला मान द्यायचा ते ठरवता येतं, ते लावून देतो.

२०० रुपये आज परत पाठवतोय, बिलावरच्याच नंबरला. वायरी आणि माइक यांचे पैसे घेणार नाही. चौथी फेरी नको असेल तर कळवा. बुधवारी माल पोचवायला मी इचलकरंजीला असतो, दुपारी दोननंतर तुमच्या दारात येऊन करून देईन. सावलीत गाडी लावता आली तर बरं.

स्टार बदला असं म्हणत नाही. फक्त ते खोकं रद्दीत घालू नका, माइक त्यातच आहे. आणि वहिनींचा फोन तेवढा वेळ खाली आणायला सांगा.